वितळलेला प्लग आणि नवऱ्याचं नाक

माझ्या नवऱ्याला घराच्या दारात उभं राहून आमटीत हिंग पडलाय की नाही, ते सांगता यायचं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मला याचं कौतुक वाटलं, पुढची पंचवीस वर्षं वैताग. मग कोविड झाला आणि आठवड्याभरात ते नाक गेलं. हिंगाची डबी नाकाला लावून, डोळे मिटून स्वयंपाकघरात बसलेले हे मला अजून दिसतात. तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

काही महिन्यांनी वास परत यायला लागले, पण वाकडेतिकडे. कॉफीला रबराचा वास. कुठे काही नसताना बसल्या जागी जळल्याचा वास. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, क्लिनिकला पाठवलं आणि तिथल्या नर्सने चार छोट्या बाटल्या रोज दोनदा हुंगायला सांगितल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. यांनी ते संध्या केल्यासारखं केलं, एक दिवस चुकवला नाही. दीड-दोन वर्षांनी एका सकाळी जिना उतरता उतरता म्हणाले, "आज मेथी का?" मेथीच होती. मी त्या दिवशी शिरा केला आणि बाटल्या कपाटात वरच्या फळीवर गेल्या.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे मी जे केलं ते कोणाला केलं हे कळावं.

मी लंडनमध्ये ईलिंग कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, बांधकामाच्या परवानग्या देणाऱ्या प्लॅनिंग खात्यात काम करते, आठवड्यातले तीन दिवस. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस हे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये पुस्तकं लावायला जातात. त्या दोन दुपारी मी विमान चालवते. म्हणजे कॉम्प्युटरवर. एका इंजिनाचं छोटं विमान, खाली खरे डोंगर, खऱ्या नद्या, खरं हवामान. गेल्या हिवाळ्यात मी लंडनहून निघाले होते आणि एकेका दुपारी एकेक टप्पा करत नागपूरला माहेरी जाणार होते.

हे नवऱ्याला माहीत नव्हतं. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास झालेली बाई आहे. तिसऱ्या वेळी परीक्षकाने गाडीतून उतरताना आकाशाकडे पाहिलं होतं, आणि तो प्रसंग हे ओळखीच्या प्रत्येक घरी साभिनय करून दाखवतात. विमानाचं कळलं असतं तर त्यांना आणखी दहा वर्षांचं साहित्य मिळालं असतं. म्हणून वरच्या छोट्या खोलीत मोठा कॉम्प्युटर आला तेव्हा मी सांगितलं, "ऑफिसचे नकाशे फार जड असतात हो." त्यांनी मान डोलावली. नकाशे जड असतात हे कोणालाही पटतं.

खरं जड होतं ते ग्राफिक्स कार्ड. डोंगर आणि ढग काढायचं काम हेच करतं. आकाराने विटेपेक्षा मोठं, आणि वीज इतकी खातं की त्याला स्वतःची वेगळी केबल लागते. गंमत म्हणजे एवढी सगळी वीज आत जाते ती अंगठ्याच्या पेराएवढ्या प्लगमधून, त्यातल्या बारीक बारीक पिनांतून. कार्ड मी स्वतःच बसवलं, व्हिडिओ बघून. केबल ताठ होती, कॉम्प्युटरच्या बाजूची काच लागेना, म्हणून मी ती जरा दाबून वाकवली. प्लग बसल्यावर 'टक्' असा आवाज येतो असं व्हिडिओतला मुलगा म्हणाला होता. माझा आला नाही. मी मनात म्हटलं, आला असेल, मला ऐकू आला नसेल.

आल्प्स ओलांडताना पहिल्यांदा वास आला. अगदी पुसट, ऊन लागलेल्या प्लास्टिकच्या बादलीसारखा. नवीन वस्तूंना वास असतोच, म्हणून मी पुढे गेले. संध्याकाळी हे घरी आले, कोट काढता काढता थांबले, नाक वर केलं.

"काही जळतंय का गं?"

मला तो वास दुपारीच आला होता. "हो, वरती कॉम्प्युटरला येतोय" एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते वर गेले असते, स्क्रीन लावला असता, आणि मिलानच्या धावपट्टीवर माझं विमान उभं असलेलं दिसलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "नाही बाई. तुमचं नाक पुन्हा सुरू झालं की काय?"

थाप इतकी अलगद बसली की मलाच आश्चर्य वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. "असेल," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात बाटल्या फळीवरून खाली आल्या. त्यांनी एक वही केली. त्यात वार लिहायचे, वेळ लिहायची, वास किती तीव्र ते लिहायचं. मी चोरून वही पाहिली, तर जळका वास फक्त मंगळवारी आणि गुरुवारी येत होता. माझ्या उड्डाणांचं वेळापत्रकच ते. त्यांनाही ते दिसलं होतं, पण निष्कर्ष वेगळा निघाला. "चॅरिटी शॉपमधल्या जुन्या पुस्तकांच्या धुळीने होतंय," ते म्हणाले. "मी ते काम सोडावं का?"

इथे कुठल्याही शहाण्या बाईने सत्य सांगितलं असतं. मी म्हटलं, "मास्क लावून बघा."

मग ते मास्क लावून पुस्तकं लावू लागले, आणि मी भर जानेवारीत खिडक्या सताड उघड्या टाकून रोमवरून उडू लागले. हे घरी यायच्या आधी मी दोन अगरबत्त्या लावायची, वर जिऱ्याची फोडणी. एकदा त्यांना फोनवर त्यांच्या भावाशी बोलताना ऐकलं. "परत तेच सुरू झालंय रे. या वेळी जाईल असं वाटत नाही." हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या गुरुवारी मी उडाले नाही. पुढच्या मंगळवारी मात्र उडाले.

अथेन्सला उतरत होते. समुद्र मागे पडला होता, समोर धावपट्टीचे दिवे लागले होते, चाकं खाली. तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. कॉम्प्युटरचे पंखे एकदम घोंघावायला लागले आणि वास आला, या वेळी पुसटबिसट काही नाही, सरळ घशात. मी भिंतीवरचा स्विच बंद केला, खिडकी उघडली आणि काच काढून आत पाहिलं. प्लग हलेना. ओढला तेव्हा चिकटलेलं काहीतरी सुटल्यासारखा बाहेर आला. एका बाजूच्या तीन-चार पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं, दुधावर बुडबुडे येतात तसं.

मी मँचेस्टरला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती इथेच वाढलेली, इंजिनीअर आहे आणि विमानाचं फक्त तिला माहीत होतं.

"आई, ती प्लग पूर्ण आत गेली होती का?"

"तो प्लग."

"तो प्लग! क्लिक झाली का?"

"झाला असेल."

"म्हणजे नाही झाली. अर्धवट आत असली ना, की सगळा करंट थोड्याच पिन्समधून जातो. मग त्या तापतात. आणि तू केबल पण बेंड केलीस. किती दिवस स्मेल येत होता?"

मी सांगितलं. मग बाबांना काय सांगितलं तेही सांगितलं, कारण तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

"आई, यू आर गॅसलायटिंग बाबा."

"गॅस कुठून आला मध्येच? आपली शेगडी इलेक्ट्रिक आहे."

मग तिने मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. समोरच्याला जे खरंच जाणवतंय ते त्याच्या मनाचे खेळ आहेत असं पटवत राहणं. मला वाटायचं मी एक छोटी थाप मारलीय. तिच्याकडे त्याला अख्खा शब्द होता.

"शिवाय आग लागली असती," ती म्हणाली. "आज सांग. आजच."

मी अगरबत्ती लावली नाही. फोडणीही नाही. संध्याकाळी दार उघडलं, हे आत आले, मास्क काढला, श्वास घेतला आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. "आज फारच आहे," म्हणाले आणि कोट न काढता बाटल्यांकडे निघाले.

"थांबा," मी म्हटलं आणि तो प्लग त्यांच्या नाकाखाली धरला. "हुंगा."

त्यांनी हुंगला. पुन्हा हुंगला. "प्लास्टिक," ते सावकाश म्हणाले. "जळलेलं प्लास्टिक. म्हणजे... हा वास खरा आहे?"

"खरा आहे. पहिल्या दिवसापासून खरा होता."

मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी काय करावं? मसाल्याचा डबा काढला, एकेक वाटी नाकाशी नेऊन मोठ्याने नावं घेऊ लागले. हळद, धणे, मोहरी. मोहरीला वास नसतो म्हटलं तर म्हणाले, "मला येतोय!" डोळ्यांत पाणी होतं, काही मिरचीपूड हुंगल्याचं असेल, सगळं नव्हे. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "नाक ठीक आहे रे! घरातच जळत होतं!" पलीकडून काय विचारलं गेलं कोण जाणे, पण फोन कानाला तसाच धरून ते माझ्याकडे वळले.

"पहिल्या दिवसापासून म्हणजे? तुला माहीत होतं?"

मग मी सगळं सांगितलं. नकाशे, विमान, आल्प्स, अगरबत्त्या. ते विमानाला हसले नाहीत. मी वाट बघत होते, हसले असते तर बरं झालं असतं. "वही वाचून झाल्यावरसुद्धा?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दोन दिवस आमच्यात चहा आणि कचऱ्याचे डबे याखेरीज बोलणं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मी वरती असताना खालून हाक आली, "अगं, डाळ लागली!" मी धावत उतरले. डाळ चढवलेलीच नव्हती. हे पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी, "इस्त्री चालू राहिली वाटतं." इस्त्री कपाटात. आठवडाभर मला चढ-उतार करायला लावलं, आणि प्रत्येक वेळी अगदी निरागस चेहऱ्याने, "नाही का? मग माझं नाकच असेल." मी निमूट पळत राहिले. बोलायची सोय नव्हती.

दुकानाने कार्डाच्या तक्रारीसाठी एक फॉर्म पाठवला होता. त्यात प्रश्न होता, प्लग पूर्ण बसवला होता का. मी 'हो' लिहिणार तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला, "इथे तरी खरं लिही." मी लिहिलं की टक् ऐकू आलं नाही आणि केबल वाकवली होती. तरीही त्यांनी कार्ड बदलून दिलं. वर आखूड केबल, सरळ बसणारी.

या वेळी प्लग यांनी बसवला. तोंडात टॉर्च धरून, गुडघ्यावर बसून, श्वास रोखून. टक् झालं तेव्हा दोघांनाही ऐकू आलं. तरी त्यांनी नखाने कडेची फट तपासली आणि मला तपासायला लावली.

"आता दाखव काय करतेस ते," म्हणाले आणि शेजारी खुर्ची ओढली.

मला वाटलं, अथेन्स मागतील, निदान आल्प्स. त्यांनी आमच्या घरावरून न्यायला सांगितलं. का, ते मला रस्ता दिसल्यावर कळलं. शेजाऱ्यांनी मागच्या बागेत परवानगी न काढता खोली बांधलीय अशी त्यांना कितीतरी दिवसांपासून शंका आहे, आणि मी प्लॅनिंग खात्यात असूनही काही करत नाही अशी तक्रार. मी विमान शक्य तितकं खाली घेतलं आणि गल्लीवर घिरट्या घातल्या. शेजाऱ्यांच्या बागेत खोली नव्हती. त्यांचं घरही नव्हतं. त्या जागी कॉम्प्युटरने एक भलंमोठं झाड उभं केलं होतं.

"वा," हे समाधानाने म्हणाले. "असंच राहू दे. अजून एक फेरी मार."