अकरा जणांची मापं

आमचा काका शिंपी, हाताचा सफाईदार आणि तोंडाचा फटकळ. देशादेशांमधली पहिलीच फुटबॉल स्पर्धा भरणार होती, तेव्हा आपल्या संघाचे सदरे त्यानंच शिवले. अकरा जणांचे कागदी साचे कापून भिंतीवर खिळ्याला टांगले. प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवलं.

"पोरं वाढतात. चार वर्षांनी पुन्हा स्पर्धा आहे, तेव्हा उसवून सैल करीन," म्हणायचा.

संघाचे साहेब सांगायचे, खेळानं देश जवळ येतात. अंतिम सामना आपण शेजारच्या देशाशी हरलो आणि त्याच संध्याकाळी लोकांनी चौकात त्यांचा झेंडा जाळला.

"मेला खेळच आहे ना?" काकू म्हणाली.

वर्षभरात देश जवळ आले खरे, पण बंदुका घेऊन, सीमेवर. तेच साहेब पुन्हा दुकानात आले. या वेळी गठ्ठा खाकी कापडाचा होता.

"त्याच पोरांचे गणवेश. मापं आहेतच तुझ्याकडे."

काकानं साचे उतरवून धूळ झटकली. सवयीनं विचारलं, "दोन बोटं आत सोडू ना, साहेब?"

"नको," साहेब म्हणाले. "सैल करायची वेळ येणार नाही."