फंडाचा दशांश आणि लोणच्याची बरणी

समस्त वाचकांस, त्यांच्या घरच्या मंडळींस आणि मागच्या बाकावर बसून कुजबुजणाऱ्यांस कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या शरणपूर रोडजवळच्या आमच्या चर्चच्या आवारात लिंबाच्या लोणच्याची एक बरणी लिलावाला निघाली, आणि त्या बरणीमुळे माझी मावशी आज स्वतःच्या घरात राहते. ही सूचना अत्यंत गंभीर आहे. कृपया सर्वांनी उभे राहावे. बसलात तरी चालेल, गोष्ट जरा लांब आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून झाली आणि सगळं आयुष्य नर्सेसच्या क्वार्टरमध्ये गेलं, जिथे भिंतीला खिळा ठोकायचा तर मेट्रनची परवानगी लागायची. रिटायर झाली तेव्हा एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि फंडाचा चेक घेऊन ती आमच्याकडे आली. दारातच म्हणाली, "मी इथं राहायला आलेली नाही. घर मिळेपर्यंत थांबायला आलेय." तिला स्वतःचं घर हवं होतं. स्वतःच्या भिंतीत स्वतःच्या मर्जीने खिळा. बाकी तिला जगाकडून काही नको होतं.

जगावर तिचा विश्वासच नव्हता म्हणा ना. दूधवाला माप तिरकं धरतो. पंचवटीतली भाजीवाली तराजूखाली करंगळी लावते. कंडक्टर सुटे पैसे मुद्दाम विसरतो. चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी नवे पडदे लागले तेव्हा तिने आईला बाजूला घेऊन विचारलं, "कुठून आले?" मी तिला न मागता चहा करून दिला, तर कप हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय पाहिजे तुला?"

"काही नाही गं मावशी."

"मग साखर एवढी का घातलीस?"

हळूहळू हा आजार घरभर पसरला. आईला वाटे, ताईच्या मनात फंडाचं वेगळंच काही आहे. पप्पांना वाटे, ताई त्यांच्या पाकिटातल्या नोटा मोजते. आणि मला वाटे, पप्पांना वाटतं की मी मावशीच्या पैशावर डोळा ठेवून आहे. ठेवला नव्हता. पण संशय आला की माणूस विनाकारण हळू पावलांनी चालायला लागतो.

मात्र पैशाच्या बाबतीत मावशीचे नियम लोखंडी होते, आणि ते तिने स्वतःपासून पाळले होते. हातात येईल त्यातला दहावा भाग आधी देवाचा. मग थोडा बाजूला. उरेल त्यात भागवायचं. द्यायचं ते मुठीत झाकून द्यायचं, शेजाऱ्यालाही कळता कामा नये. जामीन राहायचं नाही, लॉटरी नाही, आणि कर्ज तर मुळीच नाही. "कर्ज असलं की माणूस नको त्या माणसाकडे बघून हसतो," असं ती म्हणायची. "मला नाही हसायचं."

फंडाचा चेक बँकेत वटला त्या संध्याकाळी ती जेवणाच्या ताटावर म्हणाली, "उद्या ह्याचा दशांश चर्चला देते."

पप्पांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "फंडाचा पण? अहो ताई, पगारावर एवढी वर्षं दिलात ना? फंड त्याच पगारातून कापलाय. देवाला दोनदा टॅक्स?"

"कापलेल्यावर कधी दिला होता, भाऊजी? हातात आला त्यावर दिला. हा आता हातात आला."

पप्पांनी भाकरी ताटात ठेवली. हिशेबात ते तिच्याशी कधी जिंकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने दशांश दिला आणि तिसऱ्या दिवशी घर सापडलं. जेलरोडला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. गॅलरीसमोर शेवंतीचं शेत. मी स्कूटरवरून तिला दाखवायला नेलं होतं. तिने भिंतीवर हात फिरवला, गॅलरीत उभी राहिली, आणि बिल्डरने किंमत सांगितल्यावर मनातल्या मनात हिशेब केला. कमी पडत होते. किती, तर जेवढे देवाला दिले तेवढे.

"बँकेचं कर्ज काढा की, सिस्टर," बिल्डर म्हणाला.

मावशीने त्याचा चहा न पिता खाली ठेवला.

आणि इथे, मंडळी, रंगमंचावर प्रवेश करतात ते सफारीवाले ब्रदर.

चॉकलेटी सफारी, खिशाला दोन पेनं, अंगाला अत्तराचा वास. काही महिन्यांपूर्वी पुण्याहून आलो म्हणून ते आमच्या चर्चमध्ये यायला लागले होते. गाणी सगळ्यांत वरच्या पट्टीत म्हणायचे. उपासना संपली की 'विश्वासू कारभारी' नावाचा वर्ग घ्यायचे: ख्रिस्ती माणसाने पैसा कसा सांभाळावा. आधी देवाचा भाग, मग बचत, कर्ज टाळा, उधळपट्टी टाळा. सगळं खरं, सगळं मावशीच्याच तोंडचं. वर्गाच्या शेवटी मात्र ते आवाज खाली आणायचे. पैसा नुसता पुरून ठेवणं हाही देवाचा अपमानच, म्हणायचे, आणि आपल्या कंपनीच्या ठेवीचा कागद पुढे करायचे. व्याज बँकेच्या दुप्पट.

आमचे पप्पा त्यांच्यावर फिदा होते. पप्पा इगतपुरीकडच्या एका खेड्यातले, सरकारी कचेरीत कारकून आणि चर्चच्या कमिटीवर. कमिटीवर आल्यापासून ते माइकसमोर अशी काही शुद्ध मराठी बोलायचे की आई पदराआड हसायची. गावची बोली त्यांच्या तोंडून फक्त अंगठ्यावर हातोडी पडल्यावर निघे. त्यांनीच ब्रदरांना घरी जेवायला आणलं.

ब्रदरांनी मावशीची अडचण डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही देवाला जेवढं दिलंत तेवढंच कमी पडतंय. ही योजना बघा त्याची! बिल्डरला सहा महिने थांबायला सांगा. सगळी रक्कम आमच्याकडे ठेवा. तेवढं व्याज सहा महिन्यांत सुटतं; बँकेत वर्ष जाईल. कर्ज नाही, दशांश बुडाला नाही, आणि घर हातात."

 ब्रदर गेल्यावर भांडी आवरताना मावशीने मला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"चांगले वाटतात."

"मलापण," ती म्हणाली आणि हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. "मला ह्या माणसाचा संशय येत नाहीये. काहीतरी गडबड आहे."

मग काय, आमची गुप्तहेर मोहीम सुरू. मी अंबडच्या कारखान्यात नवीन लागलेलो, आठवड्याची एक सुट्टी, आणि त्या सुट्टीला मावशी स्कूटरच्या मागे बसून कॅनडा कॉर्नरला. ब्रदरांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. गालिचा, काचेचं टेबल, भिंतीवर मेंढपाळाचं चित्र. एका मुलीने आम्हाला थंड पेय आणून दिलं, स्ट्रॉ घालून. कागद बघितले, शिक्के बघितले, सगळं जागच्या जागी. खाली उतरल्यावर मावशी म्हणाली, "पाणी का नाही दिलं? आल्या माणसाला आधी पाणी देतात."

"मावशी, हा पुरावा नाही."

"माहीत आहे. म्हणून तर त्रास होतोय."

तिला ते घर हवं होतं हो. रोज रात्री झोपताना ती विचारायची, गॅलरीत ऊन सकाळचं येईल की दुपारचं. शेवटी तिने चेक लिहायचं कबूल केलं. पप्पांनी ठरवलं की हंगामाच्या सणाला, लिलाव आटोपला की, पाळकसाहेबांच्या खोलीत चेकवर प्रार्थना करून तो ब्रदरांच्या हाती द्यायचा. मंगल कार्यच ते.

हंगामाचा सण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या रविवारी आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या कष्टाचं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं. शेत असेल त्याची मक्याची कणसं, शेंगा, डांगर, म्हणजे तुमचा लाल भोपळा. शेत नसेल त्याचा कोंबडा, केक, विणलेला स्वेटर. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. घेणारा वाटेल तेवढी बोली लावतो, टेबलावरच्या डब्यात पैसे टाकतो आणि वस्तू घरी नेतो. एखाद्याला जास्तच उमाळा आला तर पैसे टाकून तो वस्तूही उचलून परत देतो, "परत देवाला!" म्हणतो, आणि तीच वस्तू पुन्हा लिलावाला लागते. एक कोहळा असा दिवसभर विकला जाताना मी पाहिलाय. शेवटी तो कोणाच्या घरी शिजला ते देव जाणे.

मावशीने लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती. पण तिचं लक्ष बरणीकडे नव्हतं. तिचं लक्ष डब्याकडे होतं. डबा सांभाळणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या खजिनदारांच्या मुलाने नुकतीच मोटरसायकल घेतली होती, आणि मावशीला ती मोटरसायकल पटलेली नव्हती. तिने सरळ खुर्ची उचलली आणि डब्याला लागून बसली. चेक असलेली पर्स काखेत. नजर डब्यावर. खजिनदार घाम पुसत होते.

पप्पा माइकवर. "प्रियजनहो! पाहा हे डांगर! धरणीमातेने दिलेले, प्रभूच्या चरणी वाहिलेले! कोण बोलतो?"

पन्नास, साठ, शंभर. मग मागून ब्रदरांचा आवाज: "पाचशे एक!"

टाळ्या. ब्रदर पुढे आले, डांगर दोन्ही हातांवर तोललं, डोळे आकाशाकडे, आणि म्हणाले, "परत देवाला!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. डांगर पुन्हा लागलं आणि एका शाळामास्तरीणबाईंनी साठ रुपयांना घेतलं; रुमालाची गाठ सोडून, नोटा मोजून डब्यात टाकल्या. मग कोंबडा. ब्रदर, "सातशे!" टाळ्या. "परत देवाला!" कोंबडा पंख फडफडवत पुन्हा टेबलावर. सगळं आवार त्या माणसाच्या प्रेमात पडलं होतं. माझ्या शेजारचे दोघे ठेवीचे कागद मागायचं बोलत होते. मी मावशीकडे पाहिलं. ती डब्याकडेच बघत होती, पण आता तिची मान थोडी तिरकी झाली होती.

बरणीची पाळी आली. ब्रदरांनी कोणाला तोंडच उघडू दिलं नाही. "सिस्टरच्या लोणच्यासाठी, हजार एक!"

आवार दणाणलं. ब्रदरांनी बरणी उंच धरली. "परत..."

"थांबा," मावशी म्हणाली.

ती उठली. एवढीशी बाई, पांढरी साडी, काखेत पर्स. "ब्रदर, देवाला परत द्यायचं तर आधी ते तुमचं व्हायला पाहिजे. आधी विकत घ्या."

ब्रदर हसले. "घेतलं की, सिस्टर."

"डब्यात काही पडलं नाही."

"शेवटी सगळं एकदम देणार आहे. देवाच्या कामात असा हिशेब..."

"मी सुरुवातीपासून ह्या डब्याजवळ बसलेय. मी तर ह्यांच्यावर नजर ठेवायला बसले होते," तिने खजिनदारांकडे बोट दाखवलं.

"माझ्यावर?" खजिनदार कळवळले.

"माफ करा. तुमचा डबा चोख आहे." मग ब्रदरांकडे वळून, हात पुढे करून, "द्या. हजार एक."

ब्रदरांनी वरचा खिसा चाचपला. पेनं होती. खालचा चाचपला. मग दुसऱ्या बाजूचा. "पाकीट घरीच राहिलं वाटतं. उद्या चेक पाठवतो."

"चेक माझ्याकडे आहे," मावशी म्हणाली आणि पर्सची कळ टक् करून दाबली. "तो माझ्याकडेच राहील."

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण नंतर मला बोलता यायचं नाही. ब्रदर पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. काही काळाने कॅनडा कॉर्नरच्या त्या ऑफिसला कुलूप लागलं आणि बाहेर माणसं जमली. त्यात आमच्या चर्चचं कोणी नव्हतं. मावशीने जेलरोडच्या त्याच इमारतीत तळमजल्यावरचं, जिन्यामागचं घर घेतलं. गॅलरी नाही, ऊन नाही, पण जेवढे पैसे होते तेवढ्यात बसलं. दाराशी कुंडीत शेवंती आहे. भिंतीत इतके खिळे आहेत की टांगायला वस्तू पुरत नाहीत. आणि मी गेलो की अजून विचारते, काय पाहिजे तुला?

पण आपण अजून आवारातच आहोत. ब्रदर बरणी हळूच टेबलावर ठेवत होते. मावशी हात पुढे करून उभीच. सगळे वळून पप्पांकडे बघायला लागले, कारण ब्रदरांना आणणारे पप्पा, वर्ग भरवणारे पप्पा, चेकवर प्रार्थना ठरवणारे पप्पा. ते एकटक टेबलाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मागे मागे जात ते एकेक बोली आठवत होते, बरणी, कोंबडा, त्याच्या आधी... माइक तोंडाशी तसाच होता, चालू होता, हे ते साफ विसरले होते. आणि शरणपूर रोडवरच्या रिक्षावाल्यांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, त्या भोंग्यातून, आमच्या पप्पांचा आवाज आला:

"आयला, म्हंजे डांगराचं बी नाय दिलं का काय?"