आमचे समोरचे

जगातल्या कुठल्याही दोन वस्तूंमध्ये नेमकं किती अंतर आहे, हे आमच्या समोरच्यांना ठाऊक नसेल, तर ते अंतर अजून पडलेलंच नाही असं खुशाल समजावं. समोरचे म्हणजे आमच्या समोरच्या घरातले. त्यांना नाव होतं, पण जुन्नरच्या कडेच्या आमच्या कॉलनीत ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. आमचे ते समोरचे, गुरुजींचे शेजारचे आणि बागवानभाईंच्या मुलांचे पलीकडचे चाचा. सरकारी मोजणीखात्यात उभी हयात काढून ते निवृत्त झाले. जमीन मोजायची साखळी खात्यात राहिली. मोजायची सवय मात्र ते घरी घेऊन आले.

पांढरा सदरा, पायजमा आणि सदऱ्याच्या खिशात पोलादी टेप. त्या टेपाच्या वजनानं त्यांचे सगळे सदरे डावीकडे ओघळलेले असत. लग्नाला गेले की अक्षतांच्या आधी मांडव मोजत. आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा भटजी संकल्प सांगत असताना यांनी चौरंग मोजला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अर्धा इंच तिरका हाय. देवाला चालंल, पर बघून ठेवा." लेण्याद्रीला जाणारा प्रत्येक जण पायऱ्या मोजतो. समोरचे पायऱ्यांची उंची मोजत. एकदा त्यांच्या मागे भाविकांची अशी रांग खोळंबली, की एक म्हातारी ओरडली, "आवं पावणं, चढताय का कपडा शिवताय पायरीला?" मला तर त्यांनी एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं, "ताई, तुमच्या दारापासून नळ एकवीस फूट चार इंच. तुमी डावीकडून वळसा घालता. सरळ गेलात तर वर्षाला लेण्याद्रीला जाऊन याल एवढी चाल वाचंल." तेव्हापासून मी हंडा घेऊन सरळ जाते, आणि वाचलेल्या चालीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आमची कॉलनी म्हणजे मुळात कांद्याचं शेत. नव्वदच्या सुमारास तिथे प्लॉट पडले आणि कुणी मास्तर, कुणी फळवाला, कुणी बँकेतला कारकून अशी आम्ही माणसं घरं बांधून राहायला आलो. मधला रस्ता नकाशावर दहा फुटांचा होता. पण घर झालं की माणसाला आणखी थोडं हवंसं वाटतं. गुरुजींनी दारापुढे दोन पायऱ्या काढल्या. बागवानभाईंनी फळांची हातगाडी घरात घ्यायला उतार केला. आम्ही कपडे धुवायचा दगड बसवला आणि त्याला सोबत म्हणून तगर लावली. समोरच्यांच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर तर चांगला ऐसपैस ओटा होता. ते नोकरीपायी तालुकाभर हिंडत असताना त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, तो दरवर्षी थोडाथोडा वाढवत नेला होता. संध्याकाळी साऱ्या गल्लीतल्या बायका तिथे जमत. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी वाटाणे सोलायचं. बागवानभाईंच्या सलमाभाभी आणि गुरुजींच्या वहिनी तिथेच एकमेकींच्या हातची भाजी चाखत. कॉलनीतलं कुठलंही भांडण त्या ओट्यावर सुरू होई आणि तिथेच मिटे. मी तिथे नवी सून म्हणून गेले आणि रडण्यासाठी माहेरी जायची गरज उरली नाही.

अशात एका सकाळी माझ्या सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुबा मोडला होता. आमच्या ह्यांनी नारायणगाव फाट्यावरची जीप बोलावली. ड्रायव्हरनं गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक मारला. "ताई, आत घातली तर रिव्हर्सनंबी निघायची न्हाई," म्हणाला. शेवटी सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक घरापाशी ती तिरकी करावी लागत होती. सासूबाई तेवढ्या वेदनेतही जाहीर करत होत्या, "ही गुरुजींची पायरी... हा बागवानाचा उतार... आगं बया, ही तर आपलीच तगर!" समोरच्यांच्या ओट्यापाशी खुर्ची अडकलीच. खुर्चीचा एक पाय ओट्याच्या कोपऱ्यात आणि सासूबाईंचा मोडका पाय हवेत. त्या कळवळून ओरडल्या, "आवं, तुमचा वटा जरा उचला की!"

समोरचे खुर्चीचा चौथा पाय धरून उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू सासूबाई त्यांच्यामुळेच पडल्या होत्या.

पुढच्याच रविवारी त्यांनी गल्ली मोजली आणि सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं. कागद उघडून वाचू लागले. कुणाचं काय किती फूट, किती इंच रस्त्यात आलंय. प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा पटत होता. गुरुजी शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुमचा ओटा?"

समोरच्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागेही काही नव्हतं. "त्यो मोजायचा राह्यला," ते म्हणाले.

मग सगळी सभा उठून त्यांच्या मागोमाग ओट्यापाशी आली. त्यांनी टेप लावला, पुन्हा लावला, बोटानं घट्ट धरून तिसऱ्यांदा लावला. मग स्वतःच सांगितलं, "तीन फूट दोन इंच. समद्यात जास्त माझाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेच्या आवाजानं गल्ली जागी झाली. समोरचे ओटा फोडत होते आणि काकू सूप हातात घेऊन फाटकात उभ्या होत्या.

"माझा वटा मोडू नका. तुमची ती पट्टी मोडा!"

"वटा तुझा हाय गं. रस्ता न्हाई ना तुझा."

"इतकी वर्सं कुणाला आडवा आला न्हाई तो!"

"आला की. परवा आला."

काकू आत गेल्या आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. ओटा मात्र सहजासहजी मोडेना. "गवंड्यानं सिमिट लई घातलंय," समोरचे घाम पुसत म्हणाले. त्यांच्या उभ्या नोकरीत कुणाच्या इमानदारीनं त्यांना एवढा त्रास दिला नव्हता. दोन दिवस सगळे नुसते येता-जाता बघत होते. तिसऱ्या दिवशी बागवानभाई घण घेऊन आले. त्यांनी ओट्याचा एक कोपरा उडवला आणि मग जाऊन स्वतःचा उतार फोडायला घेतला. गुरुजींनी पायऱ्या काढल्या. आमच्या ह्यांनी दगड हलवला आणि मी तगर परसात नेऊन लावली. सासूबाई दवाखान्यातून परत आल्या, तेव्हा जीप थेट दारात आली. त्या आत बसूनच म्हणाल्या, "आलं पन घर? एवढ्यात?"

रस्ता झाला आणि संध्याकाळ गेली. बायका काही दिवस गुरुजींच्या घरी जमल्या, पण तिथे टीव्हीपुढे गप्प बसावं लागे. मग ज्या त्या आपापल्या घरात तांदूळ निवडू लागल्या. काकू नवऱ्याला निरोप माझ्यामार्फत पाठवत. तीन फुटांवर उभ्या राहून मला सांगत, "त्यांना म्हणावं, भाकरी झालीय." समोरचे ऐकत आणि मला सांगत, "आलोच म्हणावं." अंतर मोजायचं मात्र त्यांनी त्या दिवसांत सोडलं होतं.

महिन्याभरानं त्यांनी पुन्हा पहार काढली आणि स्वतःच्या घराची कंपाउंडची भिंत पाडायला सुरुवात केली. आम्ही धावलो. भिंत तर हद्दीत होती, अगदी इंचात!

"हाय की हद्दीत," ते म्हणाले. "म्हनूनच पाडतोय. आतली जागा माझी हाय, सातबाऱ्यावर हाय. हितं कुनी किती बी बसावं."

पुढचं अंगण मोकळं करून त्यांनी चार शहाबादी फरश्या टाकल्या, झाडून घेतल्या आणि बाजूला उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग काकू बाहेर आल्या. फरशी पायानं दाबून पाहिली, बसल्या आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आतलं सूप आना." समोरचे असे पळत आत गेले, की चौकट कपाळाला लागली. त्या दिवसापासून जन्मभर इतरांच्या हद्दी आखणाऱ्या या माणसाचं घर कॉलनीत बिनकुंपणाचं एकमेव घर झालं.

पुढे दोघं मुलाकडे चिंचवडला गेले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी भेटायला गेले, तेव्हा समोरचे बारीक झालेले दिसले. "हितं काय कळत न्हाई ताई," म्हणाले. "एक जन वर, एक जन खाली. जमीन नेमकी कुनाची म्हनायची?"

काकू आणि मी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत चटई टाकून मेथी निवडत बसलो. लिफ्टमधून एक तरुण बाई उतरली. काकू लगबगीनं सरकल्या. "बसा की," म्हणाल्या. ती गोड हसली, "घाईत आहे आजी," म्हणाली आणि दार लावून आत गेली. काकूंनी केलेली जागा तशीच राहिली. थोड्या वेळानं समोरचे बाहेर आले, त्या जागेत मांडी घालून बसले आणि एक जुडी ओढून मेथी निवडू लागले. ते निवडलेल्या पानांत देठही टाकत होते. काकूंना ते दिसत होतं. त्यांनी आणखी एक जुडी नवऱ्यापुढे सरकवली.