वलणी नव्हे, वलांडी

नीराकाकीनं पंचनाम्याच्या साहेबाला दोन तास घरात कोंडून ठेवलं होतं, अशी बातमी रेवसच्या धक्क्यावर आजही ऐकायला मिळते. सांगणारा रंगात असला तर दोनाचे चार तास होतात, दाराला कुलूप लागतं आणि साहेब खिडकीतून "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो.

साफ खोटं. त्या दिवशी नीराकाकीच्या घराला कडी लावायला दारच नव्हतं. ते वादळानं उचलून माझ्या परसात आणून टाकलं होतं. साहेब ओटीवर खुर्चीत बसला होता, सगळ्या कोळीवाड्याला दिसत होता आणि त्याला कुणी धरलंबिरलं नव्हतं. तो जाऊ शकत नव्हता ते एवढ्याचसाठी, की त्याचा एक बूट काकीकडे होता.

हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण कोंडल्याची बातमी उठवली ती मीच.

माझं नाव दत्तात्रेय, म्हणजे वाड्यात दत्त्या. धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडतो. त्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे लाँच बंद, तिकीट बंद, तोंड तेवढं चालू. आणि नीराकाकीची नि माझी भिंतीला भिंत. तिच्या घरात फोडणी पडली की ठसका मला लागतो.

काकी संशयी आहे हे सांगायची गरज नाही, पण किती संशयी ते सांगतो. लग्नाची पत्रिका आली की ती आधी पाकीट उजेडाला धरते. सुचिताला सून म्हणून बघायला गेली तेव्हा पोरीला एक प्रश्न विचारला नाही. चहा होईस्तोवर त्यांच्या मांजरीकडे बघत बसली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "मांजर गुबगुबीत हाय. घरान मासली येते आनि मानसा हाताची सैल हायत. चालंल." सुचिता हे अजून सांगते आणि हसते. काकीच्या मागे हसते, एवढंच.

नवरा काळूराम गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. काकीनं त्याला सुक्या बोंबलावर वाढवला. तो आता दुसऱ्याच्या होडीवर जातो. घरात स्वतःचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे किनाऱ्यावरच्या वलांड्या. वाळूत बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये एकावर एक दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांवर ओले बोंबील उन्हाला टांगायचे, ती वलांडी. काकीच्या तशा चाळीस. थंडीभर तिथं बोंबील झुलायचे, आणि पावसाआधी गोणी भरून माणगावच्या बाजाराला जायचे.

आता माझं पाप. वादळाच्या आदल्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरून भोंग्याची गाडी फिरून गेली. काकी तेव्हा शेवटचा माल घेऊन गावात गेली होती. ती आल्यावर मी धावत गेलो. म्हटलं, "काकी, वलांड्या सोड! उद्या मोठं वादळ हाय. बांबू घरामागं बांधून ठेव, मी येतो मदतीला."

काकीनं माझ्याकडे तसंच बघितलं, जसं ती बाजारात तराजूकडे बघते.

"कोन बोल्ला?"

"भोंगा बोल्ला."

"भोंगा मी आयकला न्हाय. तुना आयकलंय." ती पाय धुवायला लागली. "मंजे उद्या कडक ऊन परनार."

याला कारण होतं. आदल्या वर्षी मी तिला सांगितलं होतं, की मासळी सुकवायला जे ऊन वापरतात त्यावर आता सरकार पट्टी बसवणार, आणि पावती नसेल त्याच्या वलांडीवर ताडपत्री टाकणार. काकी सगळ्यांवर संशय घेते, पण सरकार म्हटलं की काहीही खरं मानते. ग्रामपंचायतीत जाऊन भांडली. म्हणाली, "सूर्य काय तुमच्या बापाचा?" तिथं सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून माझा शब्द तिच्याकडे कायमचा बाद.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शाळेत कोंबून बसलो होतो, आणि पत्रे कसे उडतात ते कानांनी बघत होतो. संध्याकाळी बाहेर आलो. सुरूची झाडं आडवी, होड्या वाटेवर, आणि काकीच्या वलांड्यांच्या जागी सपाट वाळू. एकही उभा बांबू नव्हता. काकी बघत राहिली. मी मागे उभा होतो. "मी सांगितलं होतं" हे वाक्य माझ्या तोंडातून तेव्हा निघालं नाही. आयुष्यात एवढं एकच वाक्य मी गिळलंय.

त्यानंतर काकी माझ्याशी बोलेना.

मदत यायला लागली. पाणी आलं, ताडपत्र्या आल्या, तांदूळ आले. काकी पिशवी उघडून तांदळाचा वास घ्यायची, मग शेजारणीच्या पिशवीतला घ्यायची, आणि मगच घरी न्यायची. एका संस्थेच्या मुलीनं तिला पिशवी हातात घेऊन उभं राहायला सांगितलं, तर म्हणाली, "तांदूल मी खानार, फोटू कोन खानार?" मुलीनं फोन खिशात ठेवला.

सगळेच तेव्हा एकमेकांच्या ताडपत्रीकडे बघत होते. कुणाची मोठी, कुणाची नवी, कुणाला दोन मिळाल्या. मी तर बिनकामाचा; माझं लक्ष काकीवर. रोज सकाळी ती कोयता आणि एक गोणी घेऊन किनाऱ्यावर जायची. गोणी जाताना भरलेली, येताना रिकामी. मला वाटलं, मदतीचा माल वाळूत पुरतेय. एका सकाळी गेलो मागोमाग. बघतो तर काकी वाळूत गुडघे टेकून बसलेली, पडलेल्या फांद्या कोयत्यानं तोडून बाजूला करतेय, हातानं वाळू उकरतेय, आणि गोणीतून नारळाची एकेक करवंटी काढून पालथी घालतेय. अशा ओळीनं करवंट्याच करवंट्या.

मी परत आलो आणि वाड्यात सांगितलं, की नीराकाकी समुद्रावर करणी करतेय.

दोन दिवस बायका तिच्या दारावरून जाताना पदर सावरून गेल्या. काकीला कळलं. माझ्या परसातलं आपलं दार तिनं परत नेलं नाही. तिथंच ठेवलं, म्हणजे मला आत-बाहेर करताना अडखळायला लागावं.

मग संस्थेचा निरोप आला. ज्याच्या पंचनाम्यात धंद्याचं साधन गेल्याची नोंद असेल, त्याला ते साधन परत उभं करून देणार. होडी असेल तर दुरुस्ती, जाळं असेल तर जाळं, बांबू असतील तर बांबू. काकीला कळलं, की आता सगळं त्या एका कागदावर आहे. कागदात वलांडी आली तर दसऱ्यानंतर बोंबील लागतील. नाही आली तर सासू-सुना दुसऱ्याचे बोंबील मजुरीनं टांगणार.

पंचनाम्याचे साहेब आले ते घाटावरून खास पाठवलेले. तरुण, सभ्य, तोंडाला मास्क, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. काकीच्या ओटीवर बूट काढून बसले. मी आमच्या अर्ध्या भिंतीवरून बघत होतो.

"घर?"

"अर्धा गेला."

"आणखी काय गेलं मावशी?"

"वलांड्या."

"काय?"

"वलांड्या! चालीस."

साहेब लिहायला लागले. सुचिता दहावी शिकलेली, आणि तिला उलटं वाचता येतं. ती सासूच्या कानाला लागली, "आई, त्यांनी वलणी लिवलंय. कपडे वालत घालाची वलणी. नग चालीस. नुसकान नगन्य."

काकी म्हणाली, "सायेब, वलणी न्हाय, वलांडी."

"तेच हो मावशी, आमच्याकडे वलण म्हणतात." साहेब हसले. "पण एवढे कपडे कुणाचे वाळतात तुमच्याकडे?"

"कपडे न्हाय, बोंबील!"

"म्हणजे दोऱ्या. दोऱ्यांना यात रकाना नाही."

"दोऱ्या न्हाय, येऊन बघा. किनारा हतंच हाय."

साहेबांनी किनाऱ्याच्या वाटेकडे बघितलं. वाटेवर चिखल, चिखलात झाडं, झाडांत एक उलटी होडी. "अजून तीस घरं करायचीत," ते म्हणाले, आणि बुटाकडे हात नेला.

तिथं एकच बूट होता.

"चिखलान भरलेला," काकी न्हाणीतून म्हणाली. "धुतेय."

साहेब परत बसले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. "मावशी, बूट?"

"धुतला."

"मग द्या की."

"वला हाय. वालत कशावर घालू? माज्या वलण्या नगन्य ना?"

भिंतीवरून मला हसू आवरेना. साहेबही मास्कमध्ये हसले असावेत, पण उठले नाहीत. घड्याळ बघू लागले. वाड्यातली माणसं जमली, चहा आला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन धर्माजी आले. धर्माजी म्हणजे देवमाणूस. खोटं बोलायला लागला तर त्याला उचकी लागते. साहेब म्हणाले, "हे बघा, मी मासळीच्या दोऱ्या म्हणून काहीतरी लिहितो. पंच म्हणून या चेअरमनसाहेबांची सही घेतो आणि जातो."

"धर्माजी नको," काकी म्हणाली. "माजा पंच दत्त्या."

मी भिंतीवरून पडायचा राहिलो. धर्माजी म्हणाले, "नीराबाय, तुना येड लागलाय काय? आवो सायेब, हा दत्त्या मंजे..." आणि पुढं त्यांनी माझं सगळं चरित्र सांगितलं. उन्हाची पट्टी सांगितली, करणी सांगितली. त्यांना उचकी काही लागली नाही.

"इकडं ये रं," काकीनं हाक मारली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "सांग सायबाला. माज्या वलांड्या किती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखता येईना. आता मी चेष्टा केली तर हिचा कागद गेला, आणि खरं बोललो तर ऐकणार कोण?

"चाळीस," मी म्हटलं. "शप्पथ साहेब. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. धर्माजींकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं.

"आता मला बघायलाच पाहिजे," ते म्हणाले. "चपला आहेत का कुणाच्या?"

सुचितानं आपल्या सपाता दिल्या, गुलाबी फुलांच्या. त्या सपातांत साहेब, हातात छत्री, मागं काकी, मागं मी, आणि त्यामागं निम्मा वाडा, अशी वरात चिखलातून निघाली. साहेब दोनदा घसरले. दुसऱ्यांदा त्यांनी धरायला जो हात शोधला तो माझा होता, पण ओळखून सोडून दिला.

किनाऱ्यावर करवंट्यांच्या ओळी होत्या. साहेबांनी पहिली उचलली. खाली वाळूत मोडलेल्या बांबूचं बूड. दुसरी उचलली, तिथंही बूड. ते ओळीनं चालत गेले आणि करवंट्या उचलत, परत ठेवत गेले. वाळूनं बुजून जाऊ नये म्हणून काकीनं एकेक बूड शोधून झाकून ठेवलं होतं. करणी म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी समुद्राकडे बघू लागलो.

मग काकीनं कमरेच्या पिशवीतून दोन सुके बोंबील काढले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, साहेबांच्या हातातली छत्री आडवी केली आणि ती जोडी छत्रीच्या दांड्यावर टांगली, एक अलीकडे, एक पलीकडे. वाऱ्यानं झुलली, पण पडली नाही.

"अशी," ती म्हणाली. "जोडीजोडीनं. याला वलांडी बोलतान."

"आणि एकटाच टांगला तर?"

"एकटा खाली परतो."

साहेबांनी कागद काढला. टेकायला काही नव्हतं, म्हणून मला वाकायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून 'वलणी' खोडलं. वर काय लिहिलं ते मला दिसत नव्हतं, सुचिता उलट्या बाजूला उभी राहून मोठ्यानं वाचत होती: "मासली सुकवायच्या वलांड्या, चालीस. धंद्याचा साधन. पूर्न नुसकान. समक्ष पाहिले." काकीनं तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग माझी सही झाली, आणि मग साहेबांना बूट मिळाला. कोरडाठाक होता. चुलीपाशी ठेवलेला.

बांबू नवरात्राच्या आधी आले. काकीनं एकेक बांबू नखानं टोचून बघितला, कानाशी धरून आत भुंगा वाजतोय का ते ऐकलं आणि तीन परत केले. ट्रकवाला म्हणाला, "आजी, फुकटचे आहेत." काकी म्हणाली, "म्हनून तं."

रोवायला मी गेलो, बोलावलं नव्हतं तरी. दोऱ्या ताणताना विचारलं, "काकी, एक सांग. धर्माजीसारखा देवमाणूस समोर उभा असताना माझ्यासारख्या थापाड्याला पंच का केलास? सुधारेन वाटलं होतं का?"

तिनं दोरीची गाठ दातानं आवळली, ओढून बघितली आणि म्हणाली:

"धर्माजी बोल्ला असता तं सायबानी खुर्चीनच बसून लिवला असता. तुज्यावर कोनाचाच इस्वास न्हाय, म्हनून तं तो उठला."