फोनची दृष्ट

मी एकदा मोबाइल फोनची दृष्ट काढली होती. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन, यथासांग. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम सदुसष्ट वर्षांची, आणि त्या वयात माणसाला वाटतं की आपल्याला सगळं कळतं.

फोन माझ्या नातीचा, पल्लवीचा. नुकतीच बारावी पास झालेली. तीर्थपुरीच्या बाजारात आईसोबत गेली तर पिशवी धरायला हिचा हात मोकळा नसायचा. एका हातात फोन, दुसरा केस सारखे करण्यात गुंतलेला. भाकरी फुगली की तिचा व्हिडिओ (फुगवली तिच्या आईनं, कौतुक हिचं). एक दिवस तर आईचा शालू नेसून सोयाबीनच्या शेतात नाचली आणि तो नाच जगाला दाखवला. शेतात बाया खुरपत होत्या. ही त्यांना म्हणते, "मावशी, जरा बाजूला सरका ना, तुम्ही मागं दिसून राह्यल्या." कामाच्या बाया बाजूला आणि नाचणारी मधोमध. नव्या जगाचा सगळा न्याय त्या एका वाक्यात आला.

तो नाच म्हणे हजारो लोकांनी पाहिला. सगळ्यांनी वाहवा केली, पण एका रिकामटेकड्यानं खाली लिहिलं, 'नाक भज्यासारखं आहे.' झालं! हजारोंचं कौतुक वाऱ्यावर गेलं आणि एकाचं भजं पोरीच्या जिवाला लागलं. जेवण सुटलं. दिवसभर आरशापुढं नाक चिमटीत धरून बसायची. मग अंगात कणकण भरली.

(मी तरी कुठं शहाणी होते म्हणा. लेकरं लहान असताना शेजारच्या खिडकीतून टीव्ही बघण्याच्या नादात मी किती वेळा दूध उतू घालवलं आणि खापर मांजरावर फोडलं. पण टीव्हीतल्या बायांनी निदान माझ्या नाकाला तरी नावं ठेवली नव्हती.)

इकडे तिचं जालन्याचं कॉलेज तोंडावर आलेलं. माझा मुलगा सुभाष हॉस्टेलचं नाव काढू देत नव्हता. "आत्याच्या घरी राह्यली तर शीक, न्हाई तर घरी बस. तिसरी गोष्ट बिलकुल न्हाई," असं त्यानं बजावलेलं. त्याची आत्या म्हणजे माझी नणंद, मंदावन्सं. वन्सं पोरीला ठेवून घ्यायला तयार होत्या, पण त्यांचं मन पापडासारखं, नुसता धक्का लागला तरी मोडायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांना दुसऱ्यांदा जिलेबी वाढायची राहिली, तर पुढं कैक वर्षं भावाची राखी त्यांनी पोस्टानं पाठवली. अशा बाईच्या हातात पोरीचं शिक्षण होतं, आणि पोरगी अंथरुणात.

मी विचार केला. शेजारच्या कमलनं नुसतं "म्हैस लई दूध देती की ओ" म्हटलं, तर म्हैस आटली होती. इथं तर हजारोंचे डोळे! पल्लवीची दृष्ट काढायला गेले तर ती म्हणाली, "आज्जी, असं काही नसतं." मग माझं डोकं आणखी चाललं (तिथंच घात झाला). लोकांनी पोरीला कुठं पाहिलं? पाहिलं ते त्या काचेत. म्हणजे नजर पोरीला नाही, फोनला लागलेली!

दुपारी ती झोपली, तसा उशाखालचा फोन मी अलगद काढला. मागच्या पत्र्याच्या पडवीत पाणी तापवायची चूल आहे, तिच्यात निखारे होतेच. एका मुठीत मीठ-मोहऱ्या-मिरच्या, दुसऱ्या हातात फोन. चष्मा देवघरात राहिलेला.

आमच्या घरात दृष्ट काढताना नावं घ्यायची रीत आहे. सासूबाई सांगायच्या, नाव घेतल्याशिवाय नजर जागची हलत नाही. आणि दृष्टीत अहो-जाहो नसतं. मी फोनवरून मूठ उतरवायला लागले, उतरवता उतरवता फोनही फिरवायला लागले. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, शेजारच्या कमलीची..."

तेवढ्यात फोन वाजायला लागला. पल्लवी जागी होईल म्हणून मी घाईघाईनं त्यावर बोट ओढलं. वाजणं थांबलं. मी पुढं चालू केलं, "जालन्याच्या मंदीची, तिच्या त्या घाऱ्या डोळ्यांची, जिलेबीसाठी रुसणारीची..."

"वैनी?"

आवाज माझ्या हातातूनच आला. सासूबाईंनी हेही सांगितलं होतं की नजर लई जबर असली तर ती बोलते.

"कोन हायेस तू?" मी दरडावलं. "नाव सांग!"

"मंदा."

"आलीस का भवाने! एका झटक्यात कबूल झालीस! सोड माझ्या पोरीला!"

"वैनी, मी तं पोरीला ठेवून घ्यायचं म्हनून राह्यले..."

"ठेवून घेतीस? थांब, तुला आता चुलीतच घालते!" असं म्हणून मी मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. असा ठसका उठला की मी, कोंबड्या आणि म्हैस, सगळे एकदम खोकायला लागलो. मिरच्यांचा वास आला म्हणजे नजर नव्हतीच, हे शास्त्र मला पाठ होतं. पण खोकताना शास्त्र कुणाला आठवतं?

धुरातून पल्लवी धावत आली, फोन हिसकला आणि जागीच बसली.

"आज्जी, व्हिडिओवर जालन्याची आत्याआजी हाय!"

वन्संनी फोन केला होता तो तिच्यासाठी लावलेला पलंग दाखवायला. त्या बदल्यात त्यांना काय दिसलं? पत्रे, चूल, पत्रे, चूल, मधूनच माझी मूठ, आणि शेवटी धूर. पल्लवी काही बोलायच्या आत वन्संनी फोन बंद केला होता.

संध्याकाळी सुभाष शेतातून आला. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "माय, झालं का समाधान? उद्यापासून खुरपं दे पोरीच्या हाती." पल्लवी रडायला लागली. या वेळी नाकासाठी नाही.

सकाळच्या एसटीनं मी आणि पल्लवी जालन्याला निघालो. माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी. मी रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होते. पोरगी हळूच म्हणते, "आज्जी, तू 'नाव सांग' म्हनलीस ना, ते रेकॉर्ड करायला पाह्यजे होतं. लई चाललं असतं." हिचं शिक्षण बुडत होतं, आणि हिला काय चाललं असतं त्याची पडली होती.

वन्संनी दार उघडलं. पाणी दिलं. बरणी घेतली. आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग होता, त्यावर नवी चादर. मी नुसतं "वन्सं..." म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं निवांत पाहिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वैनी. तुमच्या मनात काय असतंय ते मला लग्न होऊन आलात तवापासून तुमच्या तोंडावर दिसतंय. काल फकस्त आवाज आला. पोरगी ऱ्हाईल इथं. तुम्ही तेवढ्या दुपारच्या गाडीनं निघा."