मूसा-सानची वाकडी मान

माझी फजिती ऐकायचीय? ऐका, पण आमच्या ईशासमोर हा विषय काढू नका. ती अजून मला त्यावरून छळते.

ईशा माझी मुलगी, आठवीत आहे. इथे टोकियोत, निशी-कसाईतच वाढली, त्यामुळे मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर, तेही एका शब्दात. कानात सतत नायजेरियन हिप-हॉप. तिकडे लागोसची पोरं काहीतरी घडाघडा बोलतात, इकडे टोकियोतल्या पोरी माना डोलावतात, आणि मधल्या मधे पुण्याच्या बापाला ओ की ठो कळत नाही!

तर यंदा गणपतीच्या कार्यक्रमासाठी ईशाने आणि तिच्या जपानी मैत्रिणींनी त्यातल्याच एका रॅपवर नाच बसवला. मधेमधे आपला ढोल-ताशा घातला होता. खरं सांगतो, ताल असा जमला होता की माझाही पाय हलायला लागला. पण आमच्या मंडळाच्या अध्यक्ष नेनेकाकू अडून बसल्या. शब्द कसले आहेत कोणास ठाऊक, बाप्पासमोर काही अचरट निघालं तर? मी छाती काढून म्हटलं, काकू, तुम्ही काळजीच करू नका. आमच्या ऑफिसात अख्खा नायजेरियन माणूस आहे.

तो म्हणजे मूसा-सान, इथलं सान म्हणजे आपलं ‘राव’. तोयोसुच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारीच बसतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला इयरफोन दिले आणि विचारलं, यात वाईट काही आहे का? त्याने डोळे मिटून ऐकलं. मग मान वाकडी केली, दातांतून स्स्स करून हवा आत ओढली आणि इयरफोन परत दिले.

आता जपानात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागतो का? इथे कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. मान वाकडी झाली, हवा ओढली, की समजायचं प्रकरण कठीण आहे. इतकी वर्षं इथे काढलीत, मला कळतं हो! पुढे विचारून बिचाऱ्याला कशाला लाजवा? उलट मीच त्याची माफी मागितली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

घरी येऊन मी नाच रद्द केला. ईशाने कारण विचारलं, तर म्हटलं, अर्थ तुला सांगण्यासारखा नाही. ती खूप रडली आणि मग बोलणंच बंद. एक शब्द यायचा, तोही गेला. घर खायला उठलं मला.

कार्यक्रमाला मी मूसा-सानला बोलावलं होतं. तो मोदक खात असताना ईशा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या गाण्यात एवढं घाण काय आहे, असं तिने जपानीत विचारलं.

मूसा-सान चक्रावला. "मला काय माहीत? ते योरुबा भाषेत आहे. मी उत्तरेकडचा, आमची भाषा हौसा. मला त्यातलं अक्षर कळत नाही. तुझ्या बाबांना तमिळ येतं का?"

माझा मोदक हातातच राहिला.

ईशा माझ्याकडे वळली आणि कित्येक दिवसांनी बोलली, तेही चक्क मराठीत. "बाबा, मला त्याचा अर्थ पाठ आहे. तो म्हणतो, माझ्या बापाने गावभर चौकशी केली, मला सोडून."

खरंच गाण्यात असं आहे की तिने तिथल्या तिथे रचलं, देव जाणे. विचारायचं माझं धाडस झालं नाही. अर्थ ऐकून नेनेकाकूंनी लगेच गाणं लावायला सांगितलं, पोरी नाचल्या आणि मी मागे उभा राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ऑफिसात आमचे सातो-सान हौसेने फोन घेऊन आले. त्यांना एक भारतीय गाणं फार आवडलं होतं, अर्थ हवा होता. ऐकतो तर तमिळ. मी मान वाकडी केली आणि दातांतून हवा ओढली.

सातो-सान कानापर्यंत लाल झाले, घाईघाईने फोन खिशात घातला आणि वाकून वाकून माझी माफी मागत निघून गेले.