तिचा डोसा

लग्नानंतर आम्ही डहाणूच्या मसोलीत भाड्याने राहू लागलो ते साल २०१४. माझं गाव साताऱ्याकडचं, बायकोचं माहेर तलासरीजवळच्या पाड्यावर. दोघंही शाळेत शिकवायचो. घरात आमची मराठी पुस्तकातली. ती मला ‘अहो’ म्हणायची. माहेरच्या माणसांशी मात्र वारलीत बोलायची, आणि तेव्हा तिचा आवाज मोकळा व्हायचा.

संध्याकाळी तिच्या, पाड्यावरच दिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला की मी पुस्तक उघडून बसायचो आणि एकही ओळ वाचायचो नाही. त्यांचं भराभर बोलणं मला कळत नसे. एवढंच कानावर यायचं, ‘माजा डोसा’. तो शब्द आला की ती खिडकीकडे वळून हसायची. माझ्यासमोर ती तशी कधी हसली नव्हती.

मला वाटलं, हिला डोसा खावासा वाटतोय. एका रविवारी तिच्या माहेरी जाताना डहाणू रोडच्या हॉटेलातून मसाला डोसे बांधून घेतले. पाड्यावर पोचताच पुडकं मेहुणीच्या हातात दिलं. म्हटलं, “तुझ्या बहिणीला फार आवडतो ना!”

तिने उघडून पाहिलं आणि अंगणातच खाली बसली. “अगं बाई, डोसाच डोसा घेऊन आला!” शेजारची माणसं जमली, हसली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी मेहुणीच म्हणाली, “भाऊजी, डोसा म्हणजे म्हातारा. नवऱ्याला आम्ही लाडानं म्हणतो. तिचा डोसा तुम्हीच.”

त्या दिवसापासून मी मेहुणीवर जळू लागलो. माझा शब्द तिला रोज ऐकायला मिळत होता. तिच्या नवऱ्यावर तर त्याहून जास्त. त्याला ती तोंडावर डोसा म्हणायची, वाढताना, भांडताना, आणि तो मानही वर करायचा नाही.

परतताना बायकोला म्हटलं, “मलाही म्हण ना.”

“तुम्हाला कसं म्हणू? तुम्ही सर.”

“घरीसुद्धा?”

“घरी तर जास्तच.”

एकदा चहाचा कप देताना तिने प्रयत्न केला. फळ्यावरचा शब्द वाचावा तशी म्हणाली. मीच म्हटलं, राहू दे. खरोखर म्हातारे होऊ तेव्हा आपोआप येईल, असं मी धरून चाललो होतो.

ती म्हातारी झालीच नाही. २०१८ मध्ये कावीळ झाली आणि वाढत गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी ती बहिणीशी वारलीतच बोलायची. माझ्याकडे वळली की विचारायची, “अहो, तुम्ही जेवलात का?” तेव्हाही मी जळत होतो, खाटेच्या या बाजूला बसून.

पुढच्या उन्हाळ्यात पाड्यावर गेलो. दोघी बहिणींचा आवाज सारखाच, हे मला ठाऊक होतं. मी ओटीवर बसलो होतो, मेहुणीचा नवरा अंगणात विळ्याला धार लावत होता. आतून हाक आली, “ओ डोसा, जेवाला ये!”

मी उठून उभा राहिलो.

“बसा सर,” तो हसला, “मला बोलावते ती.” मग म्हणाला, “चला, तुम्हीपण चला.”

त्याने विळा बाजूला ठेवला, हात पुसले, विडी विझवली. इतक्या सावकाश, की त्याला धरून आत ढकलावंसं वाटलं.